अ‍ॅपलचं सादरीकरण बघून सगळे ‘यंदा काहीच नवीन नाही’ म्हणतायत. तुमचं मत काय? नवीन फोन घ्यावा का?

सादरीकरण आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतं आणि बारा वाजायच्या आत सगळ्यांची मतं तयार असतात. या मतांना मी काडीची किंमत देत नाही. ‘काहीच नवीन नाही’वाल्यांना नाही आणि ‘लय भारी’वाल्यांनाही नाही. २०१० ला आयपॅड दाखवला तेव्हा ‘हा तर मोठा केलेला आयपॉड’ म्हणून लोक हसले, आणि तो धडाधड खपला. २०१७ ला फोन, घड्याळ आणि इअरफोन एकदम चार्ज करणारं एअरपॉवर दाखवलं, टाळ्या पडल्या. मार्च २०१९ मध्ये कंपनीनंच ते रद्द केलं, बाजारात आलंच नाही.

मी सांगलीत विश्रामबागला मोबाईल दुरुस्ती करतो, त्यामुळे हा विषय निघाला की मला आमचे दाजीच आठवतात. २०१८ ला गणपती बसायच्या आदल्या रात्री आयफोन एक्सएस आला. आम्ही आरास करतोय आणि दाजी सोफ्यावर लाईव्ह बघतायत. अ‍ॅपलच्या फिल शिलरनं स्टेजवरून सांगितलं की आयपी ६८ (पाणी-धूळ अडवण्याचा दर्जा) आहे, खाऱ्या पाण्यात, चहात, बिअरमध्येसुद्धा चाचणी घेतलीय. दाजी सगळ्या घरासमोर म्हणाले, “पाव्हणं, आता दुकानात दुसरं काहीतरी बघा. फोन पाण्यानं मरायचे दिवस संपले.” बहीण हसली. मला ते अजून लागतं.

तो फोन काही त्यांनी घेतला नाही, किंमतच ९९,९०० पासून होती. दुसऱ्या एका कंपनीचा घेतला, तोही आयपी ६८ वालाच. पुढच्या ऑगस्टला कृष्णेला पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. दाजींचं घर गावभागात. म्हाताऱ्यांना बोटीत बसवताना फोन पाण्यात पडला. काढला तर चालू! त्याच फोनवरून मला कॉल केला, आधी खुशाली आणि मग लगेच, “बघा, काय म्हणालो होतो?”

दोन-तीन दिवसांनी स्पीकर घोगरा झाला, मग स्क्रीनवर रेघा. ओल्या पोर्टात चार्जर लावला होता, दुसरं काय होणार? सर्व्हिस सेंटरनं सिमचा ट्रे काढून पाणी लागलं की लाल होणारा आतला स्टिकर दाखवला आणि वॉरंटी नाही म्हणून परत पाठवलं. तेव्हा तो माझ्या टेबलावर आला. त्या आठवड्यात टेबलावर जागा नव्हती, निम्मे फोन तांदळाच्या डब्यातून आलेले. (तांदळात ठेवू नका. पाणी आत राहतं ते राहतंच, वर भुसा पोर्टात जातो.) उघडला तर आत कृष्णेचा गाळ.

आयपी ६८ ची चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात होते. पुराच्या पाण्यात माती, डिझेल, ड्रेनेज सगळं असतं. पाणी अडवणाऱ्या सीलचा गोंद वर्षभरात उन्हानं आणि पडझडीनं सैल होतो, आणि स्क्रीन बदलताना नवं सील नीट बसवलं नाही तर उरलंसुरलंही गेलं. पाण्यानं झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि सादरीकरणाच्या रात्री ते कोणी वाचत नाही.

आता तुमचा प्रश्न. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदला, निम्म्या लोकांना ‘फोन जुना झाला’ वाटतं ते याच्यामुळेच. तरी घ्यायचाच असेल तर स्क्रीन आणि बॅटरी बदलायला किती पडतील ते आधी विचारा, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते नंतर. हां, जुन्या फोनला अपडेट यायचे बंद झाले असतील आणि त्यात बँकेची अ‍ॅप असतील, तर मात्र घेऊन टाका. कॅमेऱ्यावर पोट असणाऱ्यांना माझं हे काहीच लागू नाही, त्यांनी त्यांचं बघावं.

दाजी अजून प्रत्येक लग्नात सांगतात की कंपनीच्या सीलमुळे फोन पुरातून वाचला. दाजी, हे वाचाल म्हणून लिहितो: सील गाळानं भरलं होतं. बोर्ड मी आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) दोनदा धुतला, चार्जिंगची पट्टी नवी टाकली, आणि ताईकडे बघून पैसे घेतले नाहीत.