आधी होकार, मग कोड

अरे, एखाद्या बोर्ड गेमची ऑनलाइन आवृत्ती बांधायची आहे ना? मग कोडला हात लावायच्या आधी त्या खेळाच्या प्रकाशकाला मेल टाक. खेळाच्या यंत्रणेवर, म्हणजे खेळ चालतो कसा त्यावर, सहसा कॉपीराइट नसतो. चित्रांवर आणि नियमपुस्तिकेच्या मजकुरावर असतो, नाव तर बहुधा ट्रेडमार्क. माझा पहिला प्रताप सांगतो: घरच्या खोक्यातले पत्ते स्कॅन करून दोन महिने राबलो, आणि उत्तर आलं एका ओळीचं. डिजिटल हक्क आधीच दुसऱ्याला दिलेले!

मेल छोटा ठेव. कुठली आवृत्ती, खेळणाऱ्याला फुकट की पैसे, डिजिटल हक्क कोणाकडे, एवढंच. होकार आला की मूळ चित्रांच्या फाइली माग. स्कॅनच्या कडा स्क्रीनवर भिकार दिसतात.

हौशी आणि फुकट कारभार बघायचा तर ऑनलाइन बोर्ड गेम खेळायची जर्मनीतली साइट युकाटा बघ. तसलीच दुसरी साइट, बोर्ड गेम अरेना, २०१० साली फ्रान्समध्ये सुरू झाली, २०२१ मध्ये अ‍ॅस्मोडी या बड्या खेळ-प्रकाशक कंपनीने घेतली. तरी तिथले बरेच खेळ आजही हौशी मंडळीच पीएचपी-जावास्क्रिप्टमध्ये बांधतात. परवाना मिळालेल्या, पण अजून कोणी न घेतलेल्या खेळांची यादी तिथे असते. त्यातला एखादा छोटा पत्त्यांचा खेळ उचल. पहिल्याच फटक्यात तीन तासांचा युरोगेम, म्हणजे डावपेचांचा भारी बोर्ड गेम, नको रे बाबा.