ऑफिस सोडून स्टेअरिंग धरू का?

प्रश्न : काका नमस्कार. मी डोंबिवलीला राहतो, वय ३४. अंधेरीच्या एका ऑफिसात बॅक ऑफिसला आहे, हातात ३१ हजार येतात. सकाळी सातची लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, रात्री घरात पाय ठेवेपर्यंत नऊ. त्यात आता निम्मं काम सॉफ्टवेअरच करतं आणि दर दोन-तीन महिन्यांनी आमच्यातल्या कोणाचा तरी नंबर लागतो. ट्रकचं वेड मला लहानपणापासून, वडील गोदीत होते त्यामुळे असेल. कारचं लायसन्स २०१६ पासून आहे. हेवीचं लायसन्स काढून लाँग रूटला जावं असं डोक्यात आहे, बायको म्हणते डोकं फिरलंय. उशीर झालाय का? आणि लायसन्सला काय काय लागतं?

उत्तर : उशीर बिशीर काही नाही. आमच्या कळंबोलीच्या ऑफिसात चाळिशीत हेवीवर आलेली माणसं आहेत, आणि खरं सांगू का, विशीतल्या पोरापेक्षा घरदार असलेला माणूस गाडी जपून चालवतो असं माझं मत आहे, मालकांना विचारलंत तर तेही हेच सांगतील.

लायसन्सचं सोपंय. ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय २० पूर्ण पाहिजे आणि कारचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स निदान एक वर्ष जुनं पाहिजे, तुमचं दोन्ही आहे. सरकारच्या सारथी पोर्टलवर आधी लर्निंग काढायचं, सोबत फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरचं मेडिकल सर्टिफिकेट. मग मान्यता असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हेवीचं ट्रेनिंग, त्यांचं फॉर्म ५ चं सर्टिफिकेट, लर्निंगला महिना झाला की टेस्ट. पूर्वी आठवी पासची अट होती ती २०१९ ला काढली, तुम्हाला तसाही फरक पडत नाही म्हणा. हे लायसन्स पाच वर्षांनी रिन्यू करायचं असतं. एजंट 'टेस्टची काळजी सोडा, मी बघतो' म्हणाला तर त्याला हात जोडा आणि निघा, कारण टेस्ट तो सांभाळेल हो, कसारा घाट कोण सांभाळणार? शिकायचं नीट असेल तर पुण्याला भोसरीत सीआयआरटी या रस्ते वाहतूक संस्थेच्या आवारात आयडीटीआर नावाची ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, तिथे ट्रॅकवर शिकवतात, जमलं तर तिकडे जा.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीये ते सांगतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ट्रक ड्रायव्हर म्हणजे दिवसभर गाडी चालवतो. अहो, निम्मा वेळ तो थांबलेला असतो. न्हावाशेवा बंदराचंच घ्या. फॅक्टरीतून माल भरलेला कंटेनर घेऊन तुम्ही आलात, गव्हाण फाट्यापासून पुढे गाड्यांची रांग लागलीय, कागदात कुठेतरी एक नंबर चुकलाय, ऑफिसातला माणूस फोन उचलत नाही, आणि तुम्ही केबिनमध्ये, इंजिन बंद, मच्छर आत, बाहेर चहावाला. झोपायचं तर रांग दोन गाड्या पुढे सरकली की मागचा हॉर्न मारून उठवतो. तिकडे रिकामा कंटेनर यार्डात टाकायचा तर तिथे वेगळी रांग. भिवंडीला गोडाऊनवर माल घेऊन जा, हमालांची टोळी जेवायला गेलेली असते, आली तरी आधी दुसऱ्याची गाडी खाली करते. मुंबईत शिरायचं म्हटलं तर गर्दीच्या वेळी हेवी गाड्यांना बंदी, मग ऐरोली नाहीतर मुलुंडच्या अलीकडे कुठेतरी कडेला लावून बसा. ही थांबाथांबी ज्याला सोसते तो या धंद्यात टिकतो. ज्याला नाही सोसत तो एकतर गाडी पळवून वेळ भरून काढायला बघतो नाहीतर संध्याकाळची बाटली सुरू करतो. लोकलमध्ये तुम्ही आयुष्य घालवलंय, पण ते दीड-दोन तासांत संपतं, हे दोन-दोन दिवस चालतं, तेव्हा तुमचा स्वभाव कसा आहे ते बायकोलाच विचारा, ती खरं सांगेल.

म्हणून नोकरी धरताना विचारायचा पहिला प्रश्न पगाराचा नाही, हाल्टिंगचा, म्हणजे गाडी थांबून राहिल्याच्या पैशांचा. गाडी अडकली की पार्टी ट्रान्सपोर्टरला हाल्टिंग देते, त्यातलं तुमच्या हातात काय येतं? बऱ्याच ठिकाणी शून्य. काही मालक महिन्याचा पगार अधिक रोजचा भत्ता देतात, काही ट्रिपमागे पैसे देतात, आणि ट्रिपवाला हिशोब कागदावर मस्त दिसतो पण गाडी तीन दिवस रांगेत उभी राहिली की तुमचे तीन दिवस फुकट. म्हणजे ३१ हजार सुटतील का याचं उत्तर तुम्ही किती चालवता यापेक्षा थांबल्याचे पैसे मिळतात का यावर आहे. शिवाय ओव्हरलोडचं चलान कोण भरणार, उतरवताना माल कमी निघाला तर कोणाच्या पगारातून कापणार, पीएफ आहे का, इन्शुरन्समध्ये पगारी ड्रायव्हरचं कव्हर घेतलंय का, हे सगळं विचारा आणि व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या. १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट होता, पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ट्रान्सपोर्टला लागू व्हायचा, त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते; नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आलीय, तिच्यातही दिवसाला ८ तासच आहेत. पाळतो कोण असं विचाराल तर मी हसेन. पण मालकाला तुम्हाला हा कायदा माहितीय हे कळलं तरी तो जरा जपून बोलतो.

चालवण्याबद्दल दोनच गोष्टी. एक म्हणजे घाट. ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, हे कुठलाही जुना ड्रायव्हर सांगेल. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे असतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो, आधी लायनरचा जळका वास केबिनमध्ये येतो आणि त्यानंतर तुम्ही कितीही दाबा, गाडी धरत नाही. खोपोलीच्या उतारावर ज्या गाड्यांचे 'ब्रेक फेल' झाल्याचं आपण पेपरात वाचतो त्यातले कितीतरी ब्रेक आधी वापरून वापरून संपवलेले असतात. उतार सुरू व्हायच्या आधी ब्रेकच्या हवेचा काटा बघायचा, खालचा गिअर टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनच्या जोरावर गाडी रोखणारा ब्रेक, असेल तर लावायचा, आणि मागून कारवाला लाइट मारतोय तर मारू दे.

दुसरं म्हणजे गाडीभोवती फेरी. दर थांब्याला टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, हातात घेऊन प्रत्येक टायरवर एक ठोका. भरलेला टायर टणक वाजतो, हवा गेलेला भद्द. मागच्या जोडीतला आतला टायर बसलेला वरवर बघून कळतच नाही, बाहेरचा टायर सगळं वजन घेऊन उभा असतो आणि पन्नास किलोमीटरवर तोही फुटतो. त्याच जोडीच्या फटीत दगड अडकलाय का ते वाकून बघायचं, असला तर काढायचा, नाहीतर तो आतून टायर कापतो, किंवा निसटून मागच्या गाडीच्या काचेवर जातो. ताडपत्री, रस्सा, कंटेनर असेल तर चारही कोपऱ्यांचे लॉक, सील. ही फेरी पावसात, चिखलात, रात्री दोन वाजता पण मारायची. तुम्ही एसीतून येताय म्हणून मुद्दाम सांगतोय. केबिनमध्ये मात्र आता एसी मिळेल बरं का, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना तो सक्तीचा केलाय, फक्त मालकाकडे नवी गाडी पाहिजे. आणि असली तरी नव्या माणसाला नवी गाडी कोण देतो.

राजीनामा आत्ता देऊ नका. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिलाय की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा शेरा लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती किंवा पिकअप तुम्ही आजही चालवू शकता. शनिवार-रविवार एखाद्या ओळखीच्या टेम्पोवाल्याकडे वाशी मार्केट ते कल्याण अशा फेऱ्या मारा, माल चढताना-उतरताना तिथे उभे राहा, वराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीवरून, भांडणं कशी होतात ते बघा. तीन-चार महिने हे करून अजून वेड उतरलं नसेल तर हेवी काढा, आणि आधी रात्री घरी येता येईल असा रूट धरा, न्हावाशेवा-भिवंडी किंवा तळोजा-तारापूर. लाँग रूट नंतर. वहिनींना नोकरी सोडण्याची भीती नसून तुम्ही पंधरा-पंधरा दिवस दिसणार नाही याची असावी असं मला पत्रावरून वाटलं, चूकही असेन.

प्रश्न : काका, मी कळव्याची, वय २७, चार वर्षं रिक्षा चालवते. बाईला ट्रकवर कोणी घेईल का? घरचे हसतात.

उत्तर : हसू दे गं. योगिता रघुवंशींचं नाव ऐकलंयस का? नंदुरबारला वाढलेल्या, लग्न होऊन भोपाळला गेल्या, कायद्याची डिग्री घेतलेली बाई, नवरा गेल्यावर दोन मुलांना वाढवायला ट्रकवर बसली आणि देशभर गाड्या नेल्या. एसटीतही आता बाया ड्रायव्हर आहेत.

तुझी पहिली अडचण कागदाची निघेल. रिक्षाचं लायसन्स म्हणजे एलएमव्ही नाही, तेव्हा तुझ्याकडे कारचं लायसन्स नसेल तर आधी ते काढ आणि वर्ष जाऊ दे, नाहीतर हेवीचं लर्निंग निघणार नाही. दुसरी अडचण कोणी तोंडावर बोलत नाही, ती म्हणजे बाथरूम. हायवेवर पेट्रोल पंप आणि चांगले ढाबे सोडले तर बाईसाठी सोय नाही आणि पोर्टच्या रांगेत तर विचारूच नको, पुरुष कुठेही उभे राहतात, तू काय करणार. त्यामुळे सुरुवातीला गोडाऊन ते गोडाऊन असं ठरलेलं काम बघ, ऑनलाइन शॉपिंगच्या मालाची भिवंडीतली मोठी गोडाऊनं आहेत, तिथे दोन्ही टोकांना गेट, सिक्युरिटी, टॉयलेट असतं आणि वेळापत्रकही असतं. चार वर्षं कळव्याच्या नाक्यावर रिक्षा काढलीस म्हणजे आरशात बघायची सवय झालीच असेल, ट्रकला तीच जास्त लागते. डाव्या बाजूला केबिनच्या खाली बाइकवाला घुसला की तो दिसतच नाही, हे मात्र नव्याने शिकावं लागेल.

प्रश्न : माझा मुलगा ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला. अपघात झाला तर दहा वर्षं जेल असा कायदा आलाय म्हणतात. मला झोप नाही. – एक आई, घाटला व्हिलेज, चेंबूर

उत्तर : ताई, त्यावरूनच जानेवारी २०२४ ला ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या आणि मुंबईत पेट्रोल पंपावर रांगा लागल्या होत्या, आठवत असेल. नवी न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली पण ते कलम, १०६ चं पोटकलम २, तेव्हा बाजूला ठेवलं. आणि त्यातही दहा वर्षं लिहिलीत ती बेपर्वाईने माणूस मारून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला.

मुलाला एवढंच पक्कं सांगा. अपघात झाला, चूक कोणाचीही असो, तर ११२ ला फोन कर, जखमीला दवाखान्यात पोचवायची सोय कर. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरवर ही जबाबदारी टाकतं, पण जमाव अंगावर येत असेल तर थांबून मार खा असं ते म्हणत नाही. अशा वेळी निघायचं आणि थेट जवळच्या पोलीस चौकीत जाऊन बसायचं, घरी नाही, मालकाकडे नाही. मालकाला फोन चौकीतून करायचा. हे त्याच्याकडून दोनदा वदवून घ्या आणि झोपा.

प्रश्न : व्हीआरएसचे पैसे आलेत, वय ४८. स्वतःचाच ट्रक घेऊन चालवला तर? – विक्रोळी

उत्तर : पहिलं वर्ष नको. दुसऱ्याची गाडी चालवा, भाडं कुठून येतं ते बघा. जायचं भाडं सगळ्यांना मिळतं हो, यायचं मिळालं पाहिजे, गाडी रिकामी परत आली की डिझेल आणि टोल दोन्ही तुमच्या खिशातून. हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो, त्याला भाडं मिळालं की नाही याच्याशी घेणंदेणं नसतं. टायर, इन्शुरन्स, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट आणि मग दरवर्षी. मुंबईच्या पाच नाक्यांवरचा टोल ऑक्टोबर २०२४ ला माफ झाला तो हलक्या गाड्यांना, ट्रक अजून भरतोच. घ्यायचीच असेल तर सगळे पैसे एका गाडीत घालू नका, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून मग शोरूमला जा.

प्रश्न : चष्मा आहे, हेवीचं लायसन्स मिळेल का? – भांडुप

उत्तर : मिळेल, चष्मा लावून नीट दिसत असेल तर. डॉक्टर लाल-हिरवा ओळखता येतो का तेही बघतात. आणि दुसरा चष्मा केबिनमध्ये ठेवा, सीटवर नको, कोणीतरी बसतं.