बाळकृष्णाला चिंच लावू नका

सासूबाईंकडून आलेला रांगता बाळकृष्ण काळपट पडलाय. चिंच-मीठ लावून लख्ख करू का? (सदाशिव पेठ)

थांबा! तो काळसर तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. धातूवर हवेने वर्षानुवर्षे चढवलेलं ते पांघरूण आहे. चिंचेने ते जातं आणि रोजच्या घासण्याने नाकडोळेही जातात. आमच्या आजीची अन्नपूर्णा अशीच सपाट चेहऱ्याची झाली, आता हातातल्या पळीवरून ओळखायची. कोमट पाणी, मऊ सुती कापड, आणि लगेच कोरडी पुसा. मात्र फिकट हिरवी, भुरभुरणारी पूड दिसली तर ते दुखणं आहे. क्षार धातू आतून खातात. अशी मूर्ती पाण्यात घालू नका, कोरड्यात ठेवून संवर्धकाला दाखवा.

आमच्या जुन्या विष्णूच्या हातातली आयुधं कॅलेंडरातल्यासारखी नाहीत. घडवणारा चुकला का? (नारायण पेठ)

बहुतेक नाही. शंख, चक्र, गदा, पद्म चार हातांत 24 प्रकारे बसतात. संध्येत 'केशवाय नमः'पासून म्हणतात ती 24 नावं याच क्रमांची. मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरू करा, वर जा, मग डावा वरचा, शेवटी डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा आलं की केशव. बाकीच्या काही नावांत ग्रंथाग्रंथांत फरक पडतो.

जुन्या बाजारात नटराज मिळाला. विकणारा म्हणाला, चोळकालीन. (कोथरूड)

त्याच गाळ्यावर तस्साच दुसरा होता का? चोळांचे मूर्तिकार मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचा साचा चढवत, मेण वितळवून धातू ओतत आणि साचा फोडत. म्हणून जुळी भावंडं नसतात. अर्थ मात्र नव्या मूर्तीतही तोच: डमरू म्हणजे निर्मिती, अग्नी म्हणजे लय, एक हात अभय देणारा, चौथा उचललेल्या पावलाकडे वळलेला, की आसरा इथे आहे. पायाखालचा बुटका अपस्मार म्हणजे अज्ञान. (आपण फेफऱ्यालाही अपस्मारच म्हणतो.) मूर्ती आवडली असेल तर खुशाल ठेवा, फक्त चोळांचे पैसे मोजू नका.

पणजीची अन्नपूर्णा लेकीला अमेरिकेत नेता येईल? (कर्वेनगर)

शंभर वर्षं भरली असतील तर नाही. 1972च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरते. वय कमी असल्यास 'पुरावस्तू नाही' असा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या. नाहीतर लेकीला तुळशीबागेतून नवी घेऊन द्या.