मालक म्हणतात सगळं क्लाउडवर न्या, एआय लावा. आमच्या डेटाचं काय?

तुम्ही लिहिलंय की दालमिलचे हिशेब तुमच्याकडे आहेत, मालक पुण्यातलं कुठलंसं प्रदर्शन बघून आलेत आणि तेव्हापासून क्लाउड (म्हणजे आपला डेटा इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवणं) आणि एआयशिवाय बोलत नाहीत. हे सुरक्षित आहे की नुसतं फॅड, असं तुमचं विचारणं.

मी लातुरात चौदा वर्षं आडत दुकानं, मिल, पतसंस्था यांच्या कॉम्प्युटरची कामं करतो. मालकांना आधी एवढंच विचारा: आपला बॅकअप शेवटचा परत कधी उतरवून बघितला? 'घेतला कधी' हे विचारू नका, ते सगळे रोजच घेतात.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. 2019 साली ऐन सोयाबीनच्या हंगामात मार्केट यार्डातल्या एका आडतीतून मुनीमजींचा सकाळीच फोन आला. "काहीच उघडंना झालंय बघा, समद्या फायलीची नावंच बदललीत." जाऊन बघतो तर रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस. स्क्रीनवर इंग्रजी चिठ्ठी, पैसे बिटकॉइनमध्ये द्या म्हणून. मालकांनी मला विचारलं, "हे बिटकॉइन कुठल्या बँकेत मिळतंय?"

चोर शिरला कुठून? मालकांना पुण्याला लेकाकडे बसून टॅली बघायची होती, म्हणून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडं ठेवलेलं होतं. पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढे 123. आणि ते उघडून दिलं होतं मीच. बॅकअपची हार्डडिस्क होती, पण ती बारा महिने कॉम्प्युटरला लावलेलीच. लक्ष्मीपूजनाला तिलाही हळदकुंकू लागलं होतं, ते अजून वाळून तसंच होतं. तीही गेली. वाचलं ते सीएकडे ऑडिटसाठी पेनड्राइव्हवर दिलेलं जुनं टॅली आणि मुनीमजींच्या काटापट्ट्या, हिशेबपट्ट्यांचे गठ्ठे. मधला सगळा काळ त्यांनी आणि दोन पोरांनी नऊ दिवस बसून पुन्हा चढवला. बाहेर शेतकरी पट्टीसाठी थांबलेले. मला चहा विचारला, पण कोणी माझ्याकडे बघेना.

मोठ्यांचं वेगळं असतं असं वाटत असेल तर तसंही नाही. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीतल्या एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेसच पुसला गेला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐनवेळी एकही धड चालेना. नशिबाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती. त्यांनी हे सगळं जाहीर लिहून टाकलं, याचं मला फार कौतुक आहे. आपल्याकडे 'सर्व्हर डाउन होता' म्हणून विषय संपतो. आणि 19 जुलै 2024 ला तर सुरक्षेसाठीच बसवलेल्या क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं सुमारे 85 लाख विंडोज मशीन आडवी पडली. आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यायची वेळ आली.

क्लाउडला माझा विरोध नाही. खरं सांगायचं तर इन्व्हर्टरवर धापा टाकणाऱ्या, चोरीचं विंडोज घातलेल्या मशीनपेक्षा तो बराच बरा. पण खातं कोणाच्या ईमेलवर आहे ते बघा. विकणाऱ्याच्या ईमेलवर असेल तर डेटा तुमचा नाही. सोडून जायचं झालं तर सगळं कशात काढून देणार, हे लेखी घ्या. ओटीपी लावा, काम सोडून गेलेल्या पोराचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा. आणि गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी फायली आपोआप सिंक होतात म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका. इथली फाईल बिघडली की तिथलीही बिघडते.

एआयचं मात्र थोडं थांबा म्हणेन. 2018 मध्ये आमच्याकडे एक जण ब्लॉकचेन विकायला आला होता, तूरडाळीचं पोतं न् पोतं कळेल म्हणे. परवा तोच आला, ब्लेझरही तोच, फक्त स्लाइडवर शब्द बदललेला. तुमच्याकडे खरा धोका त्याचा नाहीच. कोणीतरी पोरगं शेतकऱ्यांच्या बँक खात्यांची यादी 'जरा नीट तक्ता करून दे' म्हणून फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकणार, हा आहे. 2023 मध्ये सॅमसंगच्या लोकांनी कंपनीचा कोड असाच टाकला आणि कंपनीला असल्या चॅटबॉटवर बंदी घालावी लागली. तुमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किती जणांच्या आधारचे फोटो पडलेत, तेही आज एकदा वर सरकवून बघा.

त्या आडतीत आता दोन हार्डडिस्क आहेत, एक कायम मालकांच्या घरी कपाटात. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जुन्या लॅपटॉपवर बॅकअप उतरवतो, मुनीमजी गठ्ठ्यातली कुठलीही एक पट्टी ओढतात आणि विचारतात, "ही काढून दाखव." पट्ट्यांचे गठ्ठे त्यांनी अजून बंद केलेले नाहीत. मीही करा म्हणालेलो नाही.