जुन्या फिल्म कॅमेऱ्याचा फोकस वयामुळे चुकतो का?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या पेंटॅक्स के१००० मधून बघताना सगळं स्वच्छ दिसतं, पण रोल धुऊन आला की चेहरे मऊ येतात. हे कॅमेऱ्याच्या वयामुळे का?

होऊ शकतं. आपण बघतो ते आरशावरून वरच्या स्क्रीनवर पडलेलं चित्र, फोटो उमटतो मागे फिल्मवर. लेन्सपासून दोन्हींचं अंतर तंतोतंत सारखं लागतं. वर्षानुवर्षं आपटून आरशाची टेकायची जागा सरकते, किंवा साफसफाईनंतर स्क्रीन नीट बसलेली नसते. ५० मिमी लेन्सला तिथे ०.१ मिमीचा फरक पडला तरी एक मीटरवर फोकस साधारण साडेतीन सेंटिमीटर हलतो. लेन्सचं तोंड मोठं उघडलेलं असताना, म्हणजे एफ/२ ला, पुढे-मागे मिळून साडेचार सेंटिमीटरच स्पष्ट येतात. डोळे गेलेच मग!

माझ्या कॅमेऱ्यात हेच झालं होतं. रामकुंडावर भाचीच्या डोळ्यांवर फोकस करून फोटो काढला. निगेटिव्ह भिंगाखाली धरली तर डोळे धूसर, आणि कानातल्या डुलाचा एकेक मणी मोजता येत होता. तुम्हीही आधी हेच बघा. मागचं-पुढचं काही स्पष्ट आलं असेल तर फोकसचा घोळ. फ्रेमभर दुधाळपणा असेल तर लेन्समध्ये बुरशी शोधा, आपल्या पावसाळ्यात बंद कपाटात ती धरतेच.

मग घरीच तपासा. रोल काढा, मागचं झाकण उघडा, फिल्म टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर मॅट सेलोटेप ताणून लावा. शटरच्या कापडी पडद्याला बोट लावू नका, तो फार नाजूक असतो. कॅमेरा स्टँडवर, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत ते उघडं राहतं), केबलने उघडं धरलेलं, लेन्स एफ/२ ला. मी गच्चीवरून पांडवलेण्यांच्या डोंगराची कड धरली होती, डोक्यावर काळी चादर घेऊन. फोकसची रिंग अनंतावर (∞) असताना टेपवर कड स्वच्छ आणि शटर सोडून व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, बघितलं तर पुसट, तर दोष आरशाचा किंवा स्क्रीनचा. दोन्हीकडे सारखीच पुसट असेल तर लेन्सचा अनंताचा थांबा सरकलाय.

चाळिशी लागली असेल तर हे सगळं चष्मा लावूनच करा.

आरसा टेकतो ती खीळ स्वतः फिरवू नका, मेकॅनिककडे द्या आणि टेपवर काय दिसलं ते त्याला सांगा. माझी स्क्रीन आधीच्या सर्व्हिसिंगनंतर खाचेत पूर्ण बसलीच नव्हती. ती दाबून बसवली आणि पुढच्या रोलमध्ये भाचीच्या पापण्या मोजता आल्या.