डेव्हज शिकावे, की सरळ सिमपायमध्ये मॉडेल लिहावे?

कारखान्याच्या सिम्युलेशनसाठी डेव्हज (DEVS) हा फॉर्मॅलिझम, म्हणजे घटनांवर चालणारे मॉडेल गणिती व्याख्येत मांडण्याची पद्धत, आधी शिकावा, की पायथॉनमधील सिमपाय (SimPy) ही सिम्युलेशनची लायब्ररी घेऊन कामाला लागावे, असे आपण विचारले आहे. कोड खुशाल सिमपायमध्ये लिहा, परंतु त्याआधी मॉडेल डेव्हजमध्ये कागदावर मांडा. हे मत एका महागात पडलेल्या अनुभवातून बनले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका पावडर कोटिंग विभागाचे मॉडेल केले होते. ओव्हनची एक खेप 40 मिनिटांची आणि पाळी 480 मिनिटांची, त्यामुळे बारावी खेप नेमकी पाळी संपण्याच्या क्षणी पूर्ण होत असे. पाळी संपताना आत राहिलेली खेप रीवर्कला, म्हणजे पुन्हा काम करण्यासाठी, जाईल, असा नियम आम्ही लिहिला होता. मॉडेलमध्ये रोज एक संपूर्ण खेप रीवर्कला जाऊ लागली आणि त्या आकड्याच्या आधारे पावडर फवारणीचा आणखी एक बूथ घेण्याची शिफारस अहवालातून ग्राहकाकडे गेलीसुद्धा. पुढे एका सहकाऱ्याने, दर मिनिटाची नोंद हवी म्हणून, पाळीचा 480 मिनिटांचा एकच टाइमआउट (ठरावीक वेळ थांबण्याची सूचना) काढून तेथे एकेका मिनिटाचा लूप घातला, आणि रीवर्क शून्यावर आले. एकही आकडा बदललेला नव्हता. आम्ही दोन दिवस रँडम सीडवर, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची मालिका ठरवणाऱ्या संख्येवर, संशय घेत बसलो.

कारण साधे होते. एकाच वेळेच्या आणि समान प्राधान्याच्या घटना सिमपाय ज्या क्रमाने रांगेत आल्या त्याच क्रमाने बाहेर काढते. पहिल्या कोडमध्ये पाळीची घटना शून्याव्या मिनिटालाच रांगेत गेली होती आणि खेपेची 440व्या. लूप घातल्यावर पाळीची घटना 479व्या मिनिटाला, म्हणजे खेपेच्या मागे, जाऊ लागली. कारखान्याचा नियम आम्ही नकळत कोडच्या ओळींवर सोपवला होता.

बर्नार्ड झीगलर यांनी 1976 साली मांडलेल्या मूळ डेव्हजमध्ये हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण एकाच क्षणी दोन घटक सज्ज झाले तर आधी कोणाला सोडायचे हे सांगणारे सिलेक्ट फंक्शन जोडमॉडेलच्या (अनेक घटक जोडून केलेल्या मॉडेलच्या) व्याख्येतच द्यावे लागते. 1994 च्या पॅरलल डेव्हजमध्ये तो निर्णय घटकाकडे जातो: काम संपणे आणि बाहेरून ‘थांब’ येणे एकाच वेळी घडले तर काय करायचे, हे ओव्हनच्या कॉन्फ्लुअंट फंक्शनमध्ये लिहावे लागते. ती जागा भरण्यासाठी कोणाला तरी विचारावेच लागते. आम्ही शेवटी पाळीच्या सुपरवायझरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “ओव्हनमध्ये माल ठेवून कोणी घरी जातं का?”

बँकेच्या खिडकीसारखे मॉडेल असेल, येण्याच्या आणि सेवेच्या वेळा सतत (कोणतेही अपूर्णांकी मूल्य देऊ शकणाऱ्या) वितरणातून येत असतील, तर दोन घटना नेमक्या एकाच क्षणी जवळजवळ कधीच येत नाहीत आणि एवढा खटाटोप नको, हे मान्य. डेडलॉक (सगळे एकमेकांची वाट पाहत अडकून पडणे) होणार नाही असे सिद्ध करायचे असेल तर मात्र पेट्री नेट ही मॉडेल मांडण्याची दुसरी पद्धत पाहा. तेथे डेव्हजचा आग्रह मी धरणार नाही.

आमचे तेव्हाचे टीम लीड “फॉर्मॅलिझम पीएचडीवाल्यांसाठी असतो, आपल्याला डिलिव्हरी द्यायची आहे” असे म्हणत असत. बूथची शिफारस मागे घेणारे पत्र मात्र त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतले.