श्वेत बटूवर जास्त पदार्थ कोसळू लागला की त्याचे क्ष-किरण कमी का होतात?

तुमचा प्रश्न असा आहे, की श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) सोबतच्या ताऱ्याकडून वायू ओढतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात, इथवर समजलं. पण उद्रेकात जास्त वायू पडत असताना ते वाढायचे सोडून घटतात कसे?

मी हौस म्हणून रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या प्रती नोंदवतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) आणि हाच प्रश्न मला एसएस सिग्नीमुळे पडला होता. हंस तारकासमूहातला हा तारा म्हणजे अशीच एक जोडी, एरवी १२ व्या प्रतीचा, दुर्बिणीत नजर स्थिर करून शोधावा लागणारा ठिपका. काही आठवड्यांच्या अंतराने तो अचानक ८ व्या प्रतीपर्यंत चढतो, म्हणजे जवळजवळ ४० पट उजळतो. हाच उद्रेक. परवा ज्या शेजारच्या ताऱ्याशी त्याची तुलना केली, तोच आता त्याच्यापुढे फिका पडलेला असतो. ते पाहताना वाटतं, आता क्ष-किरणांचाही पूर आला असेल.

श्वेत बटू आकाराने साधारण पृथ्वीएवढा, पण वस्तुमानाने सूर्याच्या जवळपास. ओढलेला वायू त्याच्याभोवती तबकडीसारखा फिरत राहतो, आणि या तबकडीच्या आतल्या कडेला त्याचा वेग सेकंदाला काही हजार किलोमीटर असतो. श्वेत बटू स्वतः त्यामानाने सावकाश फिरतो. म्हणजे पृष्ठभागावर उतरताना वायूला तो सगळा वेग अगदी पातळ थरात टाकावा लागतो. याला सीमास्तर म्हणतात. वेगाची उष्णता होते आणि वायू कोट्यवधी अंशांवर जातो. एचटी कॅसिओपियासारख्या जोडीत हे फार छान दिसतं. तिथे दर १०६ मिनिटांनी सोबतचा तारा आडवा येतो. जोडी शांत असताना त्या ग्रहणात क्ष-किरण मिनिटभराच्या आत गुल होतात. इतक्या झटकन झाकला जाणारा स्रोत मोठा असूच शकत नाही. तो श्वेत बटूला चिकटूनच आहे.

आता उद्रेक. ऑक्टोबर १९९६ मध्ये एसएस सिग्नीच्या उद्रेकावर क्ष-किरण आणि अतिनील टिपणारे उपग्रह एकाच वेळी रोखलेले होते. दृश्य प्रकाशाच्या नोंदी होत्या हौशी निरीक्षकांच्या (याचा मला मनापासून अभिमान वाटतो). दृश्य प्रकाश वाढू लागला, तरी क्ष-किरण सुमारे एक दिवस गप्प. तबकडीत उठलेली लाट आतल्या कडेपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागला. मग ते झपाट्याने चढले, आणि नंतर ३ तासांपेक्षा कमी वेळात कोसळले. नेमक्या त्याच वेळी अतिनील उसळलं.

उत्तर त्या योगायोगात आहे. वायू विरळ असतो तेव्हा त्याला थंड होताच येत नाही. प्रारण बाहेर टाकायला कणांच्या टकरा व्हाव्या लागतात आणि विरळ वायूत त्या फार थोड्या होतात. म्हणून तो तापलेलाच राहतो आणि जास्त ऊर्जेचे क्ष-किरण देतो. घनता दुप्पट झाली की तेवढ्याच जागेत टकरा चौपट होतात. पडणाऱ्या वायूची भर वाढत जाते तसं एका टप्प्यावर थंड होण्याचा वेग तापण्याच्या वेगाला गाठतो आणि वायूचं तापमान काही लाख अंशांवर घसरतं. शिवाय थर इतका दाट होतो, की आतला किरण बाहेर पडण्याआधी पुन्हा पुन्हा शोषला जातो. बाहेर येतं ते बहुतांशी अगदी आखूड तरंगलांबीचं अतिनील.

म्हणजे ऊर्जा घटलेली नसते, उलट वाढलेलीच असते, फक्त तिची तरंगलांबी बदलते. हे अतिनील वाटेतल्या हायड्रोजनमध्ये सहज अडतं. म्हणून असल्या बऱ्याच जोड्यांच्या बाबतीत आपल्याला फक्त क्ष-किरणांची घट दिसते, त्यांच्याऐवजी वाढलेलं अतिनील दिसत नाही.

मात्र हा सरसकट नियम समजू नका. यू जेमिनोरम हा याच जातीचा तारा, आणि उद्रेकात त्याचे क्ष-किरण चक्क वाढतात. आणि एएम हर्क्युलिससारख्या तीव्र चुंबकीय श्वेत बटूंना तबकडीच नसते. तिथे वायू थेट ध्रुवावर आदळतो, त्यामुळे वरचं स्पष्टीकरण त्यांना लावता येत नाही.